सगळे सोनीवर गेले म्हणून आपणही जायचं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मिरजेजवळच्या एका गावात दोघा भावांचा फोटो स्टुडिओ आहे. थोरला फोटो काढतो, धाकटा व्हिडिओ करतो. सांगली, मिरज, तासगाव या पट्ट्यातली लग्नं, साखरपुडे आणि डोहाळजेवणं ही त्यांची मुख्य कामं. सीझनमध्ये धाकटा मधूनमधून पुण्याच्या स्टुडिओंसाठी रोजावर जातो. हाताशी कॅनन ५डी मार्क ४, ईएफ माउंटच्या (कॅननच्या जुन्या, आरसेवाल्या कॅमेऱ्यांच्या जोडणीच्या) २४-७० एफ २.८ आणि ७०-२०० एफ २.८ या दोन लेन्स, एक ५० एमएम आणि दोन फ्लॅश. आता मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घ्यायचाय. बजेट चार लाख, त्यातले दीड लाख साठवलेले, बाकी हप्त्यांवर. थोरल्याला कॅनन आर सिक्स मार्क टू हवा, धाकट्याला सोनी ए सेव्हन फोर. ‘जुनं सगळं विकू आणि सोनीत जाऊ, सगळे तिकडेच गेलेत,’ असं धाकट्याचं म्हणणं. ‘रिव्ह्यू बघून बघून डोकं चालेनासं झालंय, घरात बोलणंही कमी झालंय. तुम्हीच सांगा, कुठला चांगला?’ असं थोरल्याने विचारलंय.

नमस्कार,

आधी माझा कौल सांगतो, मग कारणं. आज कॅनन आर सिक्स मार्क टू घ्या. ५डीची बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि लेन्स विकू नका. पुण्याच्या कामाला सोनीच लागत असेल, तर त्या दिवसापुरता तो भाड्याने घ्या. मात्र हा कौल एका आकड्यावर उलटू शकतो आणि तो आकडा तुमच्या पत्रात नाही: धाकट्याच्या वर्षभराच्या कामाच्या दिवसांपैकी किती दिवस दुसऱ्या स्टुडिओचे असतात, आणि त्यातले किती जण ‘सोनीच आण’ असं स्पष्ट सांगतात?

मागच्या सीझनची वही काढा आणि दोघांनी मिळून मोजा. ते दिवस निम्म्याच्या वर असतील, तर धाकट्याचं म्हणणं खरं आहे. पुण्यातल्या अनेक स्टुडिओंचं एडिटिंग सोनीच्या एस-लॉग थ्रीवर (नंतर रंग भरण्यासाठी फिकट ठेवलेल्या व्हिडिओवर) बसलेलं असतं. चार कॅमेऱ्यांत तीन सोनी आणि एक कॅनन आला, की एडिटरला त्या एका कॅमेऱ्याचे रंग वेगळे जुळवावे लागतात आणि पुढच्या वेळी फोन दुसऱ्याला जातो. पण ते दिवस सीझनमध्ये आठ-दहाच असतील, तर तेवढ्यासाठी अख्खं सामान बदलणं परवडणारं नाही.

आता ‘सगळे तिकडे गेलेत’ याबद्दल. ते का गेले, हे नीट बघा. २०१८ मध्ये सोनीचा ए सेव्हन थ्री आला, त्यात दोन कार्डं होती आणि पूर्ण रुंदीचा ४के व्हिडिओ होता. त्याच वर्षी आलेल्या कॅननच्या पहिल्या फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) मिररलेसमध्ये, ईओएस आरमध्ये, कार्ड एकच आणि ४के व्हिडिओ बराच कापून मिळायचा. लग्नाच्या कामात एका कार्डावर भिस्त ठेवायची कुणाची छाती होणार? लोक गेले ते बरोबरच होतं. शिवाय सोनीला सिग्मा आणि टॅमरॉन या दुसऱ्या कंपन्यांच्या स्वस्त, चांगल्या लेन्स मिळत होत्या. यातली पहिली दोन कारणं आर सिक्स मार्क टूला लागू नाहीत. त्यात दोन एसडी कार्डं आहेत आणि ४के ६०पर्यंत (सेकंदाला ६० चौकटी) कापाकापी नाही. लेन्सचं कारण मात्र अजून जिवंत आहे. कॅननने २०२४ मध्ये सिग्मा-टॅमरॉनला दार उघडलं, पण ते एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरसाठीच्या लेन्सपुरतं. ज्याच्याकडे एकही लेन्स नाही आणि जो आज शून्यातून सुरुवात करतोय, त्याला मी सोनीच सुचवेन. टॅमरॉनची २८-७५ एफ २.८ ही ५४० ग्रॅमची लेन्स घेऊन तो पहिल्याच महिन्यात कामाला लागेल.

तुम्ही मात्र शून्यातून सुरू करत नाही आहात. तुमच्या दोन्ही झूम लेन्स कॅननच्या साध्या ईएफ-ईओएस आर अडॅप्टरवर पूर्ण चालतात: ऑटोफोकस, अ‍ॅपर्चर, लेन्समधला स्टॅबिलायझर, सगळं. अडॅप्टर २४ मिलिमीटर लांब आणि ११० ग्रॅम वजनाचा, आत काच नाही, त्यामुळे चित्राचा दर्जा कमी होण्याचा प्रश्न नाही. लेन्सला न लावता तो बॉडीलाच कायमचा बसवून ठेवा, म्हणजे लेन्स बदलताना नेहमीचीच सवय चालेल. उलट २४-७० च्या मार्क २ मध्येही स्टॅबिलायझर नाही. नव्या बॉडीच्या सेन्सरमधला स्टॅबिलायझर तिला आपोआप मिळेल. एखादी जुनी सिग्मा ईएफ लेन्स असेल आणि ती अडखळली, तर तिचं फर्मवेअर अद्ययावत करून घ्यावं लागतं.

ह्याच लेन्स सोनीवर अडॅप्टर लावून चालवू, असं कुणी सांगितलं तर थांबा. फोटोला कसंबसं चालतं, व्हिडिओच्या सलग फोकसवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणजे सोनी घेतला की लेन्सही घ्याव्याच लागणार, आणि ७०-२०० एफ २.८ च्या तोडीची सोनीची स्वतःची लेन्स बॉडीच्याच किमतीच्या घरात जाते. दोन्ही बॉडी दोन लाखांच्या आगेमागे मिळतात, त्यामुळे बॉडीच्या किमतीतला पाच-दहा हजारांचा फरक विसरा. तुमचा चार लाखांचा हिशोब लेन्सवर बिघडतो. जुन्या ईएफ लेन्स विकायला गेलात तर त्यांचे मनासारखे पैसे येणार नाहीत, कारण विकणारे बरेच आहेत. (पुढची मॉडेलं २०२५ च्या अखेरीस आली: कॅननचा आर सिक्स मार्क थ्री नोव्हेंबरात, सोनीचा ए सेव्हन फाइव्ह डिसेंबरात. त्यांच्यामुळे या दोन जुन्या बॉडींच्या किमतीत घासाघीस करता येते.)

आता कामाच्या जागेबद्दल. रिव्ह्यूतला सगळ्यात मोठा आकडा असतो सेकंदाला किती फोटो. कॅनन म्हणतं ४०, सोनी म्हणतं १०. वाचून वाटतं, संपला विषय. पण कॅननचे ४० हे इलेक्ट्रॉनिक शटरवर मिळतात आणि त्या शटरवर फ्लॅश पेटतच नाही. शिवाय कार्यालयाच्या स्टेजमागे एलईडी वॉल असते, वर एलईडी पार (स्टेजचे रंगीत दिवे). इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं. तेवढ्या वेळात एलईडी अनेकदा लुकलुकतो आणि फोटोवर काळे-उजळ आडवे पट्टे पडतात. सोनीला पूर्ण सेन्सर वाचायला साधारण सेकंदाचा पंधरावा भाग लागतो, कॅननला त्याच्या पाव वेळ. म्हणून सोनीवर पट्टे जास्त, कॅननवर कमी; पण दोन्हींवर येतात. कार्यालयात मेकॅनिकल, म्हणजे खऱ्या पडद्याचं शटरच वापरा. मग लढत १२ विरुद्ध १० अशी राहते, आणि सोनीचे १० सुद्धा फक्त लॉसी कॉम्प्रेस्ड रॉवर (थोडी माहिती गाळून लहान केलेल्या कच्च्या फाइलवर). लॉसलेस (काहीही न गाळणारं) निवडलं की वेग सहाच्या आसपास येतो. फ्लॅश लावला की दोघांचाही वेग बाजूला राहतो, कारण फ्लॅशच तेवढ्या वेळात भरत नाही. दोन्ही कॅमेऱ्यांत अशा दिव्यांसाठी शटरचा वेग बारीक पायऱ्यांनी जुळवायची सोय आहे. मुहूर्ताच्या तासभर आधी, सगळे दिवे लागलेले असताना, ती जुळवून घ्या.

अंतरपाट खाली येतो तो क्षण घ्या. ‘शुभमंगल सावधान’ होतं, अक्षता उडतात, कापड सरकतं आणि दोन-तीन सेकंदांत हार पडतात. इथे फोकस तीन ठिकाणी फसतो. आधी तो अंतरपाटालाच धरून बसतो. मग मध्ये उडालेल्या अक्षतांवर दचकतो. आणि चेहरा सापडल्यावरही डोळ्यासमोर लोंबणाऱ्या मुंडावळीच्या मोत्यांवर थांबतो. एफ १.४ ला असं झालं तर मोती टोकदार आणि डोळा मऊ, आणि कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर ते कळतही नाही. म्हणून या क्षणाला ७०-२०० वर एफ ३.५ ते ४, शटर किमान १/३२० (फ्लॅश जोडलेला असेल तर कॅननवर १/२००), आयएसओ ६४००पर्यंत जाऊ द्या, आणि फोकसची चिकाटी वाढवा म्हणजे मध्ये काही आडवं आलं तरी तो चेहरा सोडणार नाही. कापड पडायच्या आधी दिसणाऱ्या चेहऱ्यावर फोकस धरून ठेवा, कापडावर नव्हे. दोन्ही कॅमेऱ्यांचा डोळ्याचा फोकस या कामाला पुरेसा चांगला आहे. यावरून निवड करू नका.

‘सोनीचा रंग पिवळा, कॅननची कातडी सुंदर’ हा वादही बाजूला ठेवा. झेंडूच्या माळा, पिवळा शालू, हळद लागलेला चेहरा, वर पिवळे आणि पांढरे दिवे एकत्र. अशा ठिकाणी ऑटो व्हाइट बॅलन्स दर फोटोला वेगळा निर्णय घेतो. पिवळं जास्त दिसलं की चित्र निळसर करतो. प्रत्येक जागेसाठी केल्व्हिन (उजेडाच्या रंगाचं माप) ठरवून लॉक करा, ४००० ते ५२०० च्या मध्ये बहुतेक कार्यालयं बसतात. रंगाच्या बहुतांश तक्रारी तिथेच मिटतात.

मेगापिक्सेलचं गणित वहीवर करून बघा. १२ बाय १८ इंचाचं पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ५४०० बाय ३६०० पिक्सेल मागतं. कॅननच्या २४ मेगापिक्सेलमधून ६००० बाय ४००० मिळतात, म्हणजे पान भरून उरतं. एकच फोटो १२ बाय ३६ च्या पूर्ण जोडपानावर पसरलात तर कॅननला साधारण १६५ आणि सोनीला १९५ डीपीआय मिळतो. हातात धरून बघणाऱ्याला हा फरक जाणवत नाही. साठवणीत मात्र जाणवतो. तीन हजार फोटोंच्या लग्नाला सोनीच्या कॉम्प्रेस्ड रॉचे साधारण ११० जीबी, कॅननच्या रॉचे ८५ आणि सी-रॉचे (कॅननच्या लहान केलेल्या रॉचे) ४५. दोन प्रती ठेवता, म्हणजे हे दुप्पट धरा.

धाकट्या भावाचे मुद्दे मी हलके धरत नाही, कारण व्हिडिओत फरक खरे आहेत, आणि ते दोन्ही बाजूंना आहेत. सोनीवर ४के ५० किंवा ६० लावलं की चित्र दीडपट आत येतं. २८ एमएमची लेन्स ४२ सारखी वागते. अरुंद बोहल्यावर, पाठ भिंतीला टेकलेली असताना, सप्तपदीचा स्लो मोशन घेताना हे नडतं. कॅननवर पूर्ण रुंदी मिळते, पण त्याच मोडमध्ये बॉडी तापते. एप्रिल-मे मधल्या सांगलीच्या दुपारी मंडपात पंखा असूनही ती बंद पडू शकते. विधी ४के २५ वर घ्या, ५० फक्त स्लो मोशनच्या तुकड्यांना. सोनी घेतलात, तर मेन्यूतली आपोआप बंद होण्याच्या तापमानाची मर्यादा पहिल्याच दिवशी ‘हाय’ करा. ती मुळात कमी ठेवलेली असते आणि ऐन विधीत कॅमेरा मिटतो.

गिंबलवर (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या मोटरच्या दांड्यावर) मात्र तुमचं जुनं सामान जड जाईल. बॉडी ६७० ग्रॅम, अडॅप्टर ११०, २४-७० मार्क २ ची ८०५, म्हणजे जवळपास एक किलो सहाशे ग्रॅम आणि तेही पुढे झुकलेलं. वरातीत तासभर धरल्यावर मनगट सांगेल. धाकट्यासाठी कॅननच्या मिररलेससाठीचीच आरएफ ३५ एमएम एफ १.८ घ्या, ३०५ ग्रॅमची, किमतीलाही आवाक्यातली. तिच्या फोकस मोटरचा आवाज कॅमेऱ्याच्या माइकमध्ये येतो. मंगलाष्टकांचा आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घ्या. गिंबलवर असताना डिजिटल स्टॅबिलायझर बंद ठेवा, नाहीतर रुंद लेन्सवर चित्राचे कोपरे जेलीसारखे हलतात.

आणि कॉम्प्युटर. याचा पत्रात उल्लेखच नाही. दोन्ही कॅमेऱ्यांचा चांगल्या दर्जाचा व्हिडिओ दहा बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती असलेला) असतो आणि तो एच.२६५ या दाबून लहान केलेल्या प्रकारात आला की बरेच कॉम्प्युटर टाइमलाइनवर अडकतात. आरटीएक्स ५० मालिकेच्या आधीची एनव्हिडिया कार्डं हा प्रकार स्वतः उलगडत नाहीत. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स तो उलगडतं, पण नावाच्या शेवटी एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये ते ग्राफिक्सच नसतं. घेण्याआधी आपला प्रोसेसर बघा. जमत नसेल तर प्रॉक्सी (हलक्या, तात्पुरत्या प्रती) बनवून एडिट करा, किंवा चार लाखांतले काही पैसे तिकडे ठेवा.

आपल्याकडच्या कामाचे दोन धोके रिव्ह्यूत कधी येत नाहीत. पहिला हळदीचा. ५डीमध्ये सेन्सरसमोर आरसा आणि शटर असायचं; मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर उघडा. हळदीच्या कार्यक्रमात उडणारी कोरडी पूड अत्यंत बारीक असते आणि ओलसर हवेत चिकटते. दोन्ही कॅमेऱ्यांत बंद केल्यावर शटर मिटवायची सोय मेन्यूत आहे; ती चालू करा, कॅमेरा बंद करूनच लेन्स बदला, तोंड खाली धरा. पण त्या मिटलेल्या पडद्याला बोट किंवा ब्लोअरचं टोक लावू नका. पडदा कागदासारखा नाजूक असतो. शक्यतो हळदीला एका बॉडीवर एकच लेन्स ठेवा आणि ती बदलूच नका.

दुसरा धोका वरातीतल्या डीजेच्या लेझरचा. लेझरची रेघ थेट लेन्समध्ये शिरली, तर सेन्सरवरचे पिक्सेल क्षणात जळतात आणि फोटोवर कायमचा ठिपका किंवा अख्खी रंगीत रेघ उमटते. ५डीचा सेन्सर फोटोपुरता उघडायचा, मिररलेसचा पूर्ण वेळ उघडा असतो, म्हणून धोका वाढतो. वॉरंटीत हे बसत नाही. वरातीच्या गाडीवर लेझर दिसला की तिच्या समोरून नाही, बाजूने किंवा मागून घ्या. रेघा तुमच्या दिशेने फिरल्या की लेन्स खाली करा. ऑर्डर घेतानाच यजमानांना सांगून ठेवा, म्हणजे मागून तक्रार येत नाही. सेकंडहँड बॉडी बघत असाल तर पांढऱ्या भिंतीचा एफ १६ ला एक आणि लेन्सचं टोपण लावून एक असे दोन फोटो काढा. पहिल्यात धूळ दिसते, दुसऱ्यात जळलेले पिक्सेल.

दुकानाच्या काउंटरवर हातात घेऊन निर्णय करू नका, तिथला उजेड सगळ्यांनाच चांगला असतो. दोन्ही बॉडी एका दिवसासाठी भाड्याने आणा. सांगलीत नाही मिळाल्या तर कोल्हापूर किंवा पुण्याहून. ओळखीच्या कार्यालयात संध्याकाळी सगळे दिवे लावायला सांगा. घरातल्या कुणाला मुंडावळ्या बांधून दारापासून स्टेजपर्यंत चालायला लावा, आणि दोघांनीही दोन्ही कॅमेऱ्यांवर चालण्याचे फोटो काढून कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठे करून किती टोकदार आले ते मोजा. मग एलईडी वॉलसमोर १/१००० वर दोन्ही शटर. मग अर्धा तास सलग व्हिडिओ, उन्हात. मग ती फाइल तुमच्या रोजच्या कॉम्प्युटरवर. चष्मा असेल तर चष्म्यासकट व्ह्यूफाइंडरचे चारही कोपरे दिसतात का, हेही बघा. एवढं करूनही धाकट्याला सोनीच हवा वाटला आणि वहीतला आकडा त्याच्या बाजूने असला, तर सोनी एकट्या त्याच्या सेटसाठी घ्या: ए सेव्हन फोर आणि टॅमरॉन २८-७५. तुम्ही ५डी आणि सगळ्या ईएफ लेन्सवर आणखी एक सीझन काढा. ते अजिबात कमीपणाचं नाही. त्या कॅमेऱ्याचे ३० मेगापिक्सेल अजूनही अल्बमला पुरतात.

कॅनन घेतलात तर तुमच्या जुन्या एलपी-ई६एन बॅटऱ्या चालतील, पण पूर्ण वेगासाठी नव्या एलपी-ई६एनएच प्रकारच्या दोन घ्या. वेगवान, म्हणजे यूएचएस-२ ची, व्ही६० किंवा त्यावरची दोन कार्डं घ्या, कारण ५डीचा एसडी स्लॉट हळू होता आणि तुमची जुनी कार्डं त्याच तोलाची असतील. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहायचं सेटिंग करा. फ्लॅश आहेत तेच चालतील. सोनीकडे गेलात तर कॅमेऱ्यावरचे फ्लॅश बदलावे लागतील. बाहेरचे गोडॉक्सचे लाइट असतील तर फक्त ट्रिगर (लाइट दुरून पेटवणारं यंत्र) सोनीला चालणारा घ्यावा लागेल.

बिल जीएसटीचं, सिरियल नंबर लिहिलेलं आणि भारतातल्या वॉरंटीचंच घ्या. दहा-पंधरा हजार कमी सांगणारा बिनबिलाचा माल पुढे सर्व्हिस सेंटरला अडतो. तुमच्या स्टुडिओची जीएसटी नोंदणी नेहमीच्या पद्धतीची असेल, तर कॅमेऱ्यावरचे १८ टक्के इनपुट क्रेडिटमध्ये परत मिळवता येतात. कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत) असाल तर नाही. हे तुमच्या कर सल्लागाराला खरेदीच्या आधी विचारा, नंतर नाही. आणि तुळशीच्या लग्नाआधी निदान तीन आठवडे कॅमेरा हातात येईल असं बघा, म्हणजे पहिले दोन-तीन छोटे कार्यक्रम ५डी मुख्य आणि नवा जोडीला असे काढता येतील.